तिवराच्या लेकी

वर्षाराणी गर्जे एखाद्या गोष्टीकडे बघायला लागली की बघतच राहायची. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याचं भान नसायचं, दाराशी कोण उभं आहे याचंही नसायचं. लहानपणी आष्टी तालुक्यातल्या वस्तीवर ती मुंग्यांच्या रांगेमागे चालत चालत दुसऱ्याच्याच शिवारात पोचली होती आणि दिवेलागणीला माणसं तिला शोधायला निघाली होती. "अंगानं इथंच असते, पण कुठं जाते काय कळत नाही," असं तिची आई म्हणायची.

लग्न होऊन ती बोईसरला आली. नवरा कैलास तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत कामाला होता. पहिल्याच रविवारी त्यानं तिला मोटरसायकलवर बसवून तारापूरचा समुद्र दाखवायला नेलं. लाटा बघून ती हसली, पाय भिजवले, भेळ खाल्ली. पण तिचं मन राहिलं ते वाटेतल्या खाडीत दिसलेल्या झाडांपाशी. खाऱ्या चिखलात, कमरेएवढ्या पाण्यात ती झाडं उभी होती आणि तरी हिरवीगार होती. तिच्या गावी विहिरीला मचूळ पाणी लागलं तर लिंबोणी जळून जायची. "ही जगतात कशी हो?" तिनं विचारलं. कैलास म्हणाला, "तिवरं आहेत ती. जगतात. आपण नाही का आलो इथं?"

पुढे दोन मुली झाल्या, त्या शाळेत जायला लागल्या, मग वर्षाराणीनं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्यानं मुलाखत आणि नव्यानं धाकधूक. पण प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडे असायची. दुपारचे तास संपले की त्या लांब खोलीत पंख्याची घरघर आणि स्पिरिटचा वास एवढंच उरायचं. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून हळूहळू सरकत भिंतीवर चढायचं. त्या वेळेला वर्षाराणीला आपण कुठल्या गावात आहोत, कोणत्या वयाच्या आहोत, काही आठवायचं नाही. घरी तिची वाट बघत सासूबाई असायच्या, झुंबरबाई. सासरे गेल्यावर त्या गावाहून इकडेच राहायला आल्या होत्या. वर्षाराणी त्यांना आत्या म्हणायची.

एकदा हिवाळ्यात ती विद्यार्थ्यांना घेऊन खारेकुरणच्या खाडीवर गेली. ओहोटी होती. चिखल आरशासारखा चमकत होता, त्यावर खेकड्यांची बारीक नक्षी उठली होती. पोरं फोटो काढण्यात गुंतली आणि वर्षाराणी एका तिवराच्या फांदीपाशी थबकली. पानांवर गाठी होत्या. बाजरीच्या दाण्याएवढ्या, काही हिरव्या, काही तांबूस. बोटानं चाचपलं तर पान उलट्या बाजूनंही फुगलेलं लागे.

जवळच एक बाई लोखंडी आकडीनं बिळातले खेकडे, तिकडच्या चिंबोऱ्या, काढत होती. कासोटा घातलेलं लुगडं, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं मान वर न करताच सांगितलं, "त्या पानांना देवी आल्यात, बाय. दर साली येतात. झाड मरत नाय पन."

"तुम्ही रोज येता इथं?" वर्षाराणीनं विचारलं.

"पानी उतरला का येतो आमी." मग तिनं मान वर केली आणि पाहुणी पानाकडे कशी बघते आहे ते बघून हसली. "पायजेत का तुला? ने. देवीला कोन पैसं घेतं?"

तिचं नाव नवसी. जवळच्याच पाड्यावर राहायची. त्या दिवशी तिनं पिशवीभर फांद्या तोडून दिल्या.

वर्षाराणीनं ती पानं लोणच्याच्या बरणीत घातली, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून दिली. गाठी कशामुळे होतात ते तिला ठाऊक होतं. चिलटासारखी एक माशी पानात अंडी घालते, अळीभोवती पान फुगतं आणि अळी त्या गाठीत बसून खाते. काही दिवसांत चिलटं बाहेर आलीच. विद्यार्थ्यांना दाखवून झाली. बरणी धुवायला काढणार तोच तिला काचेच्या आतल्या बाजूला काळी धूळ दिसली. ती धूळ चालत होती.

तिनं त्यातला एक कण ब्रशच्या टोकानं उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

खसखशीच्या दाण्याएवढा तो जीव. पण भिंगाखाली त्याचं अंग निळ्या-हिरव्या धातूचं होतं, जणू कोणी बारीक हातोडीनं ठोकून घडवलं असावं. डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. कंबर अशी बारीक की हा जीव दोन तुकड्यांत कसा पडत नाही याचं नवल वाटावं. गांधीलमाशीच्याच जातकुळीतली, पण दुसऱ्याच्या जिवावर वाढणारी. गाठीतल्या अळीच्या अंगात हिची आई अंडं घालते, हिची अळी त्या अळीला आतून खाते आणि पोसलेल्या घरातून शेवटी हीच बाहेर पडते. पंख काचेसारखे निर्जीव दिसत होते. वर्षाराणीनं सहज खाली काळा कागद सरकवला आणि ती भिंगावर आणखी वाकली. त्या पारदर्शक पंखांत रंग उमटले होते: किरमिजी, मोरपंखी, हळदीचा पिवळा, पाण्यावर तेल पसरावं तसे एकमेकांत वाहणारे. कागद काढला की गेले, ठेवला की आले.

शिपाई कॉलेजला कुलूप लावायला आला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. त्यानं दोनदा हाक मारली होती म्हणे.

ही कोण? हा प्रश्न तिच्या मनात त्या दिवशी घर करून बसला. पुस्तकांतून तिला कुळ लावता आलं, युलोफिडी. त्या कुळात हजारो जाती, आणि तिवराच्या गाठीतून निघालेली अशी एकही तिच्या वाचनात आली नाही. कोणीतरी सांगितलं, केळव्याला वामन सावे म्हणून आहेत, जन्मभर पुण्याला कीटकांच्या संग्रहालयात होते, आता घरी परत आलेत.

वामन सावे यांचं घर पानवेलींच्या वाडीत होतं. पाटातलं पाणी झुळझुळत होतं आणि सगळीकडे हिरवा, गार अंधार होता. सावे सत्तरी ओलांडलेले, बारीक आवाजाचे, पांढरा लेंगा आणि उघडे पाय. ओटीवरच्या टेबलावर त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी वर्षाराणीची कुपी घेतली, बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले आणि मग म्हणाले, "गर्जेबाई, फार सुंदर आहे हो. मी हिला पाहिलेली नाही."

"म्हणजे नवीन असेल का, सर?"

"असेल. पण मी घाई करणार नाही, तुम्हीही करू नका. ही दोन प्रजातींपैकी, म्हणजे जातींच्या दोन गटांपैकी, कुठल्यातरी एकीत बसते. मादी बघून मला ते ठरवता येत नाही, दोन्हींच्या माद्या सारख्याच. नराच्या मिशांवरून कळतं. एकीत त्या मिशांवर लांब केसांची वलयं असतात, पिसांसारखी, आणि दुसरीत नसतात." त्यांनी कुपी परत दिली. "तुम्ही सगळ्या माद्याच आणल्यात. नर आणा."

"आणते," वर्षाराणी म्हणाली. तिला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे.

तिनं नवसीला पानं आणायला सांगितलं. नवसी पालघरच्या बाजारात चिंबोऱ्या विकायला यायची तेव्हा पाटीत एका बाजूला तिवराच्या फांद्या असत. बरण्या वाढल्या, खिडकी भरली. रोज सकाळी काचेवर काळे कण दिसत आणि वर्षाराणी एकेकाला भिंगाखाली घेई. मादी. मादी. ही पण मादी. होळी झाली, उन्हं तापली, पाऊस लागला. नवसी पार सफाळ्याच्या पलीकडे, वैतरणेच्या खाडीवर बहिणीकडे गेली होती, तिथूनही तिनं पानं आणली. सगळ्या माद्याच.

घरी झुंबरबाईंना सुनेच्या या शोधाची गंमत वाटे. संध्याकाळी ती चप्पल काढते न काढते तोच त्या विचारत, "काय गं वर्षे, झाला का मुलगा?"

"नाही, आत्या. मुलीच."

"आन् त्यो म्हातारा काय म्हनतो? मिशा पायजेत?"

"मिशाच बघायच्यात त्यांना."

"म्हंजी सगळीकडं येकच तऱ्हा म्हन की," असं म्हणून झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसत.

वर्षाराणीही हसे. पण कधीकधी हसून झाल्यावर तिला धाकट्या उत्कर्षाच्या जन्माची दुपार आठवे. गावाकडून आलेल्या बायका पाळण्यात डोकावून 'बरं बरं' म्हणत होत्या आणि चहा न पिता उठत होत्या. पुढे तिसऱ्याचा विषय निघाला तेव्हा एका चुलतदिरानं कैलासला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नगरला एक डॉक्टर आहे, आधी तपासून देतो. कैलासनं त्याला जेवायला वाढलं, स्टेशनवर सोडलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, "आपल्याला दोन पुष्कळ आहेत." झुंबरबाईंनी नंतर कधी विषयही काढला नाही. 'मुलगा पाहिजे' हे शब्द वर्षाराणीनं किती तोंडांनी ऐकले होते. आता ती स्वतःच दर सकाळी बरणीपुढे उभी राहून मनात तेच म्हणत होती आणि ते ऐकून तिला चमकायला होई.

एका दुपारी प्रयोगशाळेत तिला डुलकी लागली. स्वप्नात ती खाडीतच होती, पण पाणी नव्हतं, निळसर धूर होता आणि तिवरं खूप उंच झाली होती. पानापानावर दार होतं. दारांतून बायका बाहेर येत होत्या, निळ्या-हिरव्या शालू नेसलेल्या, डाळिंबी डोळ्यांच्या. कुठंतरी लग्न होतं. वाजंत्री ऐकू येत होती. वर्षाराणी प्रत्येकीला विचारत होती, "नवरदेव आला का?" आणि त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी एक म्हातारी गांधीलमाशी तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "कोणाचा नवरदेव?" आणि वर्षाराणी जागी झाली. ऊन भिंतीवर चढलं होतं. हातातला ब्रश टेबलावर घरंगळला होता.

तिनं ब्रश उचलला. मग तिच्या मनात आलं: नर सापडत नाहीत असं मी धरून चालले आहे. नरच नसतील तर?

हे नुसतं वाटून उपयोग नव्हता, करून बघायला हवं होतं. ज्या मादीनं जन्मात नर पाहिलेला नाही अशी मादी हवी. ती गाठीतून बाहेर येण्याआधीच एकटी पाडायला हवी. त्यासाठी प्रत्येक गाठ कापून वेगळी, डोळ्यांना आत दिसेल अशा इवल्या भांड्यात ठेवायला हवी. तिनं जेवताना हे बोलून दाखवलं.

कैलास घास हातात घेऊन थांबला. "कॅप्सूल चालेल का? रिकामी. आमच्याकडं वाकड्या निघालेल्या टाकूनच देतात. विचारतो साहेबांना."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांची परवानगी घेऊन बिनरंगी, काचेसारख्या कॅप्सुलींची पिशवी घेऊन आला. त्या रविवारी सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती बसलं. वर्षाराणी गाठी कापायची, कैलास कॅप्सूल उघडायचा, मुली चिठ्ठ्या चिकटवायच्या, झुंबरबाई आपल्या जाड बोटांनी, पण फार जपून, दोन टोकं जुळवायच्या. प्रत्येक कॅप्सुलीत एक गाठ. "औषधाच्या गोळीत बाळंतीन," झुंबरबाई म्हणाल्या.

बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत तिवराची रोपं लावली. नवसीनंच ती चिखलासकट आणून दिली होती. त्यांच्यावर मच्छरदाणीचं कापड शिवून चढवलं. आत आधी चिलटं सोडली, पानांवर नव्या कोवळ्या गाठी धरू दिल्या आणि मग एकेका रोपावर एकेक कुमारी मादी. पहिल्यांदा रोपं सुकली. दुसऱ्यांदा गाठीच धरल्या नाहीत. तिसऱ्यांदा मुंग्यांनी शिवणीतून वाट काढून सगळं खाल्लं. झुंबरबाईंनी मग बादल्या पाण्यानं भरलेल्या परातींत ठेवल्या आणि दिवसभर तिथंच पाट टाकून बसू लागल्या. वसाहतीतल्या धुरांड्यांवर पांढरा धूर तरंगत असायचा, खालून कामगारांची हिंदी बोलणी वर यायची आणि म्हातारी जाळीतल्या रोपाशी गावाकडच्या गोष्टी बोलत बसायची. आष्टीच्या माळावरची बाई बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर खाडीचं झाड राखते आहे, हे बघून वर्षाराणीला आपण अजून त्या डुलकीतून उठलोच नाही असं वाटे.

दिवाळीच्या सुमारास जाळीच्या आत काळे कण दिसले. वर्षाराणीनं ते कॉलेजात नेऊन एकेक तपासले. नवऱ्याचं तोंड न पाहिलेल्या त्या आईला मुलीच झाल्या होत्या, सगळ्या. त्यांतल्या एकीला वेगळी ठेवली, तिलाही मुलीच.

ती केळव्याला गेली. वामन सावे ऐकताना झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. "अहो, गांधीलमाशीच्या जातीत नर न मिळालेली मादी अंडी घालते, पण त्यांतून फक्त मुलगे निघतात. नेहमीची रीत ती. तुमच्या बाईला मुली झाल्या म्हणता?"

"सगळ्या मुली, सर."

सावे पाटाच्या कडेनं चालत राहिले. वर्षाराणी मागोमाग. पानवेलींतून ऊन थेंबाथेंबानं गळत होतं. "एक जिवाणू असतो," ते म्हणाले. "किड्यांच्या पेशींत राहतो. आईकडून अंड्यात जातो, अंड्यातून मुलीत. मुलगा म्हणजे त्याचा रस्ता बंद. म्हणून काही जातींत त्यानं मुलगे होणंच बंद पाडलंय. मी वाचलेलं आहे, आणि हे घडताना बघायची फार इच्छा होती. राहून गेलं." मग ते वळले. "बाई, तो जिवाणू औषधानं मरतो. मधात थोडं प्रतिजैविक कालवून आयांना चाटवा. त्यानंतर जी अंडी पडतील त्यांत मुलगा होऊ शकेल."

"नसलेला नर?"

"नसलेला कसा? कितीतरी पिढ्या आत झोपलेला आहे."

औषध कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंनी दिलं. लाल भुकटी होती. ती मधात कालवताच मध कुंकवासारखा झाला. कैलास बघत होता. तो म्हणाला, "अगं, हे तर आपलंच. लग्नानंतर दोन वर्षं मी या औषधाच्या विभागात होतो. घाम लाल, रुमाल लाल, उशीचा अभ्रा लाल. तू विचारलं होतंस, तुम्हाला हळद लागून इतके दिवस झाले तरी उतरली कशी नाही." दोघंही हसले. वर्षाराणीनं टाचणीच्या टोकावर एक लाल थेंब घेतला आणि कॅप्सुलीच्या कडेला टेकवला. आतली मादी आली, मिशांनी थेंब चाचपला आणि पिऊ लागली. तिच्या पोटात लाली उतरताना दिसली.

मग पुन्हा रोपं, पुन्हा जाळी, पुन्हा वाट बघणं. थंडी पडली. सकाळी खाडीकडून धुकं यायचं आणि धुरांडी निराधार, नुसती वरची वर दिसायची.

नर सापडला तो सकाळच्या पहिल्या तासानंतर. घरून आणलेल्या कॅप्सुली ती सवयीनं भिंगाखाली सरकवत होती. मादी. मादी. आणि पुढच्या कॅप्सुलीत कोणी वेगळंच होतं. अंगानं लहान, पाय पिवळे, आणि डोक्यावर दोन पिसं. मिशांच्या प्रत्येक पेराभोवती लांब, मऊ केसांचं वलय होतं. तो चालायचा थांबला की ते केस श्वासानं हलावेत तसे हलत. वर्षाराणीनं भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला, डोळा पुन्हा लावला. तो तिथंच होता.

तिनं वामन सावे यांना फोन केला. "वलयं आहेत, सर," ती म्हणाली. पलीकडून पाटाचं पाणी ऐकू येत होतं.

दुसरा फोन घरी. कैलासची सुट्टी होती. तो तासाभरात आईला मोटरसायकलवर घेऊन आला. झुंबरबाई कॉलेजच्या पायऱ्या पहिल्यांदाच चढत होत्या. दर मजल्यावर थांबून, कठड्याला धरून. येणारी-जाणारी पोरं बाजूला होत होती. प्रयोगशाळेत उंच स्टुलावर त्यांना बसवलं, नाकावरचा चष्मा काढायला लावला. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग त्या पुढे वाकल्या.

खूप वेळ त्या बघत होत्या. पंखा घरघरत होता.

"लई देखना हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "येकटाच हाय?"

"आत्ता तरी एकटाच."

"मग सोड की त्याला त्यांच्यात."

वर्षाराणीनं तो एका काचेच्या वाटीत सोडला, शेजारी चार-पाच माद्या. नर लगेच धावला. एकीपुढे जाऊन त्यानं पिसं पसरली, पंख थरथरवले, मागे-पुढे नाचला. ती मिशा पुसत बसली होती. दुसरीकडे गेला. ती त्याच्या अंगावरून चालून गेली, जणू वाटेत काडी पडली असावी. तिसरीनं तर पाठच फिरवली. तो थांबे, पुन्हा नाचे. झुंबरबाई आळीपाळीनं भिंगाला एक डोळा, मग दुसरा डोळा लावत होत्या.

"त्यांना ठावंच न्हाई त्यो कोन हाय," त्या म्हणाल्या. "इसरल्या त्या."

"हो, आत्या. विसरल्या."

"आन् त्यो? त्यानं तर कवा पाह्यलंच न्हवतं कुनी. त्याला कसा ठावा नाच?"

वर्षाराणीनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. कैलास खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता.

निघताना झुंबरबाईंनी विचारलं, "मारनार का तू त्याला आता? त्या म्हाताऱ्याला दावायला?"

रीत तशीच होती. नमुना स्पिरिटात जायचा, मग काचपट्टीवर. वर्षाराणीनं वाटीकडे बघितलं. "नाही मारत. आपणहून जाईल दोन-तीन दिवसांत. मग बघू."

तिनं त्याला साधा, औषध नसलेला मध दिला. वाटी खिडकीत ठेवली. त्यानंतरच्या दुपारी ती तास संपवून आली की नुसती बघत बसायची. काळ्या कागदावर त्याच्याही पंखांत रंग वाहायचे, माद्यांच्या पंखांतल्यापेक्षा जरा निळसर. एका दुपारी तो वाटीच्या कडेला निपचित पडलेला होता, पिसं मिटलेली. तोवर इतर कॅप्सुलींतून आणखी काही नर निघाले होते, पण चित्र काढायला तिनं हाच घेतला.

पुढचं काम सरळ होतं आणि सावकाश झालं. वामन सावे यांचे हात आता थरथरत, म्हणून काचपट्ट्या वर्षाराणी करायची आणि ते शेजारी बसून वाक्यं सांगायचे: मिशीची पेरं, पंखाच्या कडेचे केस, पायांचा रंग. प्रजाती ठरली. जगभरच्या जुन्या वर्णनांशी पडताळून झालं, अशी कोणीच नव्हती. 'नर' या परिच्छेदापाशी दोघं अडले. सावे म्हणाले, "लिहा: निसर्गात आढळला नाही. औषध दिलेल्या मातांपासून प्रयोगशाळेत मिळाला." ते लिहून झाल्यावर त्यांनी वाक्य परत वाचायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

नाव काय ठेवायचं हे वर्षाराणीनं मनात आधीच ठरवलं होतं. सावे यांना ते आवडलं. बाईचं नाव द्यायचं तर लॅटिनमध्ये शेवट कसा करतात ते त्यांनी सांगितलं. काही महिन्यांनी निबंध छापून आला. जूनमध्ये नेहमीसारखी मुलाखत झाली आणि नेहमीसारखीच तासिका तत्त्वावर नेमणूक. मुलाखतीच्या समितीतल्या एका गृहस्थांनी, हा किडा नेमका काय कामाचा, असं विचारलं. तिनं सांगितलं, "तिवराच्या गाठी आटोक्यात ठेवतो." ते बरोबरच होतं.

पावसानं उघडीप दिली तेव्हा ती शेअर रिक्षानं खारेकुरणला गेली. पाणी उतरलेलं होतं. आभाळ खाली चिखलात पडलेलं होतं आणि नवसी त्या आभाळातून वाकून चालत होती.

"नवसीबाई, त्या पानातल्या किड्याला तुमचं नाव दिलंय."

नवसी सरळ झाली. आकडी खांद्याला टेकवली. "माजा नाव? कोनी दिला?"

"मी. आता सगळ्या जगात त्याला त्याच नावानं ओळखतील."

नवसीनं विचार केला. "चावतो काय तो?"

"नाही. माणसाला नाही चावत."

"पोरी हायेत ना त्या सगळ्या? तू सांगलेलंस."

"सगळ्या पोरी."

"मंग ऱ्हाऊ दे," नवसी म्हणाली. ती पुन्हा बिळाशी वाकली, मग काही आठवल्यासारखी उठली आणि खाडीच्या पार पलीकडे कालवं फोडत बसलेल्या बाईला हात वर करून हाक मारली. वाऱ्यानं शब्द इकडे-तिकडे झाले. पलीकडची बाई ओरडून विचारत होती, "काय गो? कोनाचा नाव?" आणि नवसी दोन्ही हात तोंडाशी धरून, हसत, आपलं नाव पाण्यावरून तिकडे पाठवत होती.